शेंगदाणा संपेपर्यंत

आमच्या मोठ्या गुरुजींच्या सदऱ्याच्या डाव्या खिशावर तेलाचा एक डाग होता. सदरा बदलला तरी डाग तिथंच असायचा, कारण त्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत. बायको धुऊन धुऊन दमली आणि शेवटी तिनं त्या डागाचा नाद सोडला, असं ते स्वतःच हसत सांगायचे. बाकीच्या शाळांचे मुख्याध्यापक खिशाला पेनं लावून मीटिंगला येत. आमचे गुरुजी दाणे घेऊन येत. बरं, हे दाणे ते स्वतः फारसे खातही नसत. ते आम्हा शिक्षकांना चारत. त्या दाण्यांनी मला जेवढं छळलं तेवढं माझ्या सासूबाईंनीही कधी छळलं नाही, आणि सासूबाईंनी काही कसर ठेवली होती असं नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. खर्ड्याच्या अलीकडं एक फाटा लागतो. तिथं एसटीतून उतरायचं आणि ज्वारीच्या रानांतून चालत गावात जायचं. मी नगर शहरात वाढलेली, नोकरी नवी, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. आमच्या घरात म्हणत, हिला गप्प करायचं तर झोपवावं लागतं, आणि झोपेतसुद्धा खात्री नाही. मास्तरकीला बोलकं तोंड लागतं अशी माझी पक्की समजूत होती. डी.एड.ला सराव पाठाचं कौतुक झालं होतं, ते डोक्यात घेऊनच मी त्या फाट्यावर उतरले.

पहिल्याच दिवशी चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग माझ्याकडं दिला. मी अपूर्णांक घेतले. भाकरीचे तुकडे काढले, रंगीत खडू वापरले, हातवारे केले. शेवटी टाळी वाजवून विचारलं, "समजलं का?"

"होऽऽ म्याडम!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मला धन्य वाटलं.

तेवढ्यात खिडकीत एक हेल्मेट दिसलं. आत गुरुजींचा चेहरा होता. स्कूटर लावून झाली की हेल्मेट काढायचं ते हमखास विसरायचे आणि मधल्या सुट्टीपर्यंत तसेच शाळाभर हिंडायचे.

"बाई, काय इचारलंत?"

"समजलं का, असं विचारलं, सर."

"आन् काय म्हनाले?"

"हो म्हणाले."

"सगळे?"

"सगळे."

"मंग उद्यापासनं तुमी घरी बसला तरी चालंल की."

ते आत आले. चपला दाराबाहेर. वर्गात ते कायम अनवाणी येत, कुणाला चाहूल लागू नये म्हणून. ज्या पोरानं सगळ्यात मोठ्यानं 'हो' म्हटलं होतं त्याला त्यांनी उभं केलं आणि अर्ध्या भाकरीचं अर्धं म्हणजे किती, एवढंच विचारलं. पोरगं पत्र्याकडं बघत राहिलं. गुरुजी त्याला एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "हे भजनी मंडळ हाय, बाई. एकानं टाळ वाजवला की सगळे वाजवतात. आमच्या शाळंत 'समजलं का' म्हनायला बंदी हाय. जो म्हनंल त्यानं फुडचा तास मागच्या रांगंत बसायचं."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण गुरुजी गंमत करत नसत. पुढचा तास त्यांनी स्वतः घेतला आणि मी साडी सावरत सतरंजीच्या शेवटच्या पट्टीवर, भिंतीला टेकून बसले. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहून काढला.

आणि मग मी फळ्याकडं पाहिलं. दाराचं ऊन फळ्यावर पडलं होतं आणि फळ्याची उजवी बाजू नुसती चकाकत होती. माझंच मघाचं अक्षर, टपोरं म्हणून ज्याचं मला कौतुक, ते मला दिसेना. शेजारी एक उंच, हडकुळी पोरगी बसली होती. ती फळ्याकडं बघतच नव्हती. नखानं पाटीवर रेघा काढत होती. तिचं नाव राणी, पाचवीतली.

मी हळूच विचारलं, "राणी, तुला दिसतं का गं इथून?"

तिनं खांदे उडवले. "मला कुटं वाचता येतंय, म्याडम? दिसलं काय आन् न्हाई दिसलं काय."

हे तिनं इतकं सहज सांगितलं, की तिला नाही पण मला रडू फुटायची वेळ आली.

राणीची गोष्ट सरळ होती, आणि म्हणूनच अवघड होती. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जात, ते थेट उन्हाळ्यात परत येत. राणीला बरोबर नेत. ते उसाच्या फडात असताना मागं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक, पाणी, राखण हे सगळं तिच्याकडं. म्हणजे दर वर्षी निम्मी शाळा बुडायची. शाळा बुडते म्हणून वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून बाप म्हणायचा, हिला शाळेत ठेवून उपयोग काय? गावात तिची आजी होती, बुद्धविहाराच्या शेजारी एकटीच राहायची. नातीला सांभाळायला ती एका पायावर तयार होती. पण बापाचा विश्वास बसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. शाळेनं आजवर त्याला दाखवलं काय होतं?

गुरुजींनी त्या आठवड्यात काय केलं, तर रंगाचा डबा आणला आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर काळा फळा रंगवला. पुढचा फळा होताच. सोमवारी पोरं आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "आज मागं तोंड करून बसा." बसली. म्हणजे मागची रांग पुढं आली आणि पुढं बसणारी हुशार मंडळी मागं गेली. पुढच्या सोमवारी पुन्हा उलट. दर सोमवारी वर्ग फिरायचा. गावात आमच्या शाळेला फिरती शाळा म्हणायला लागले.

तक्रार आलीच. एक वजनदार पालक तरातरा आले. त्यांचा मुलगा पहिल्या रांगेतला, पहिल्या नंबराचा.

"गुर्जी, आमचं पोरगं मागं का बसवलं? त्याचं नुकसान व्हईल."

"व्हय? मागं बसल्यानं नुकसान व्हतं?" गुरुजींनी इतक्या निरागसपणे विचारलं, की तो गृहस्थ 'व्हय' म्हणून बसला.

"मंग जी पोरं बालवाडीपासनं मागंच बसली, त्यांचं किती झालं असंल?"

गृहस्थ आल्या पावली परत गेले. त्यांचा मुलगा मागच्या रांगेतूनही उत्तम शिकला. गुरुजी म्हणायचे, "हुशार पोरं आपल्यामुळं शिकत न्हाईत, बाई. आपन असूनबी शिकतात. आपली परीक्षा मागच्या रांगंत बसलेली अस्ती."

मी पुढं बऱ्याच शाळा पाहिल्या, प्रशिक्षणं केली, आता स्वतः मुख्याध्यापिका आहे. गुणवत्ता कशी वाढवायची यावर मी पडद्यावर रंगीबेरंगी चित्रं पाहिली आहेत आणि मोठमोठे शब्द ऐकले आहेत. माझं मत विचाराल तर मी ठासून सांगीन, की आधी शिक्षकाला एक तास मागच्या रांगेत बसवा. बाकीचं नंतर बघू.

आता दाण्यांकडं येते.

'समजलं का' बंद केलं तेव्हा मी प्रश्न विचारायला लागले. मला वाटलं, आता तरी गुरुजी खूश होतील. एक दिवस ते कोपऱ्यात उभे राहून बघत होते. तास संपल्यावर जवळ आले. "बाई, तुमी लई गोड बोलता. पन लई बोलता. प्रश्न तुमी इचारता, आन् पोरानं तोंड उघडायच्या आत उत्तरबी तुमीच देता. मंग पास तुमी झाला. त्याचं काय?"

"पण सर, ते बोलतच नाहीत."

"तुमी बोलू देता का?"

त्यांनी खिशातून मूठभर दाणे काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि नियम सांगितला. प्रश्न विचारला की एक दाणा तोंडात टाकायचा. तो सावकाश चावून संपेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं नाही, 'आठव, आठव' म्हणून घाई करायची नाही. डोळे वटारायचे नाहीत. आणि हात वर करणाऱ्याला विचारायचंच नाही, कारण त्याला येतंय हे तो सांगतोच आहे.

एक शेंगदाणा किती मोठा असतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. मला त्या शाळेत कळलं. प्रश्न विचारून दाणा तोंडात टाकला की वर्गात अशी शांतता पसरायची, की बाहेर लिंबाखाली कोंबडी उकरतेय तेही ऐकू यायचं. पोरगं माझ्याकडं बघतंय, मी पोराकडं बघतेय, आणि माझी जीभ तोंडातल्या तोंडात नुसती तडफडतेय. पहिल्या दिवशी मी एक दाणा न चावताच गिळून टाकला. गुरुजी दारातून ओरडले, "बाई, गिळला! फाऊल!" सगळा वर्ग हसला आणि मला नवा दाणा मिळाला.

पण काय सांगू, पोरं बोलायला लागली. ज्यांना आम्ही ठोंब समजत होतो ती ठोंब नव्हतीच. त्यांना फक्त वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ आजवर त्यांना कुणी दिला नव्हता. राणीनं मला पहिलं उत्तर दिलं तेव्हा माझा दाणा संपून दातांत नुसता चोथा उरला होता. मी फळ्यावरच्या एका शब्दाकडं बोट दाखवून पहिलं अक्षर विचारलं होतं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्याडम, हे माझ्या नावातलं हाय." अक्षर 'र' होतं. मी त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं. घरच्यांना कळेना, पाचवीतल्या पोरीला 'र' ओळखता आला यात एवढं आनंदाचं काय आहे.

परिपाठानंतरचा पहिला तास गुरुजींनी सगळ्या शाळेचा एकत्र केला होता. त्या तासाला इयत्ता नाही. ज्याला अक्षरं येत नाहीत तो इकडं, ज्याला शब्द येतात तो तिकडं, ज्याला गोष्ट वाचता येते तो लिंबाखाली. मग तो दुसरीतला असो की पाचवीतला. कल्पना चांगली, पण राणी त्या अक्षरांच्या घोळक्यात सगळ्यांपेक्षा हातभर उंच. दोन दिवस बसली आणि मग तिचं त्या तासाला पोट दुखायला लागलं. रोज. तास संपला की थांबायचं.

त्याच दिवसांत पंधरा ऑगस्टची लेझीम सुरू होती. एक दिवस गुरुजी लेझीम घेऊन स्वतः मैदानात उतरले आणि पहिलीच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. सहा फुटी माणूस, डोक्यावर अर्थातच हेल्मेट, आणि आजूबाजूला गुडघ्याएवढी पोरं. अंगात ताल म्हणून नाही. पोरं खाली वाकली की हे ताठ, पोरं ताठ झाली की हे खाली. स्वयंपाकाच्या मावशी पातेलं सोडून बाहेर आल्या. सगळं गाव हसलं.

गुरुजी घाम पुसत मोठ्यानं म्हणाले, "मला लेझीम येत न्हाई. जे येत न्हाई ते पहिलीपासनं शिकायचं. त्यात लाजायचं काय?"

आणि रोज उभे राहिले. पाय काही सुधारेनात. शेवटी एक दिवस राणीला राहवेना. शाळेत कधी मोठ्यानं न बोलणारी ती पोरगी तरातरा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुर्जी, डावा पाय फुडं. डावा! न्हाई, दुसरा डावा!"

पंधरा ऑगस्टला गुरुजी शेवटच्या रांगेत नाचले, तेही चुकतच. पण राणीचं पोट दुखायचं थांबलं ते थांबलंच.

पोळ्याच्या सुमारास तिचे वडील शाळेत आले. मुकादमाशी बोलणं झालं होतं, दसऱ्यानंतर टोळी निघणार होती. राणीचं नाव कमी करू नका, उन्हाळ्यात येईल, एवढंच सांगायला ते आले होते. चांगला माणूस. ओठ फुटलेले, अंगात धुतलेला सदरा.

गुरुजी म्हणाले, "तिला ठिवा की म्हातारीपाशी. वाचायला लागली हाय."

"गुर्जी, तुमी चांगलं सांगताय. पन चार वर्सं झाली. दर वर्सी कुनीतरी म्हनतं, लागली हाय, लागली हाय. मला सातवीपात्तुर येतंय, मी घरी इचारतो तर तिला आपल्या गावाचं नाव वाचता येत न्हाई. तिकडं तिच्या आईला लई हाल पडतेत एकलीला. तुमीच सांगा, कशासाठी ठिवू?"

"जायच्या दिवशी तुमच्याम्होरं वाचून दाखवील. मंग तर ठिवाल?"

"वाचलं तर ठिवीन. आईशप्पत ठिवीन. पन पाठ केलेलं चालनार न्हाई. मी दीन ते वाचायचं."

"कबूल," गुरुजी म्हणाले. एका क्षणाचाही विचार न करता.

ते गेल्यावर मी गुरुजींवर तुटून पडले. अहो, तिला अजून काना-मात्रा धड जमत नाही, आणि तुम्ही शब्द दिलात? नाही आलं तर? एका दिवसाच्या त्या परीक्षेवर पोरीची अख्खी शाळा टांगून ठेवलीत! मी एवढी बोलले, की दोन-तीन दाणे सहज चावून झाले असते. गुरुजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, येईल. आपन शिकवलं तर येतंय. हे जर आपल्यालाच खरं वाटत न्हाई, तर मंग शाळा उघडायची कशाला?"

मी पदर खोचला आणि कामाला लागले.

आम्ही राणीला काय काय वाचायला लावलं! धड्याचं पुस्तक गुरुजींनी तिच्यापुरतं बंदच केलं. फाट्यावर एसटी आली की पाटी वाच. जामखेड, कर्जत, खर्डा. शिर्डीची गाडी क्वचित यायची, ती आली की गुरुजी स्वतः तिला हाक मारायचे. बिस्किटाचा पुडा वाच, दुकानाची पाटी वाच, लग्नाचा बोर्ड वाच. संध्याकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर वस्तीतली पोरं अभ्यासाला बसत. तिथं तिची आजी पदर सावरून शेजारी बसायची. आजीला वाचता येत नव्हतं, पण गुरुजींनी तिलाही मूठभर दाणे देऊन ठेवले होते. राणी अडली की आजी बोळक्या तोंडात दाणा टाकायची. तिला तो चावता येत नसे, नुसता चघळायचा. त्यामुळं राणीला तिथं भरपूर वेळ मिळायचा.

मध्येच शाळा तपासणी आली. साहेब येणार, वाचन घेणार. आमच्यातले एक सर हळूच म्हणाले, त्या दिवशी राणीला घरीच राहू द्या, उगाच शाळेची अब्रू कशाला घालवायची? हे सगळीकडं चालतं, मी काही नवीन सांगत नाही. कच्ची पोरं तपासणीच्या दिवशी नेमकी आजारी पडतात. कुणीतरी राणीच्या कानावर घातलंही असावं, कारण त्या सकाळी ती आलीच नाही.

गुरुजींनी स्कूटरला किक मारली. थोड्या वेळानं परत आले तेव्हा मागं राणी बसली होती आणि पहिल्यांदाच हेल्मेट गुरुजींच्या डोक्यावर नव्हतं, तिच्या होतं. उतरता उतरता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सायेब हिच्यासाठीच येनार हायेत. बाकीच्यांना काय, सायेब न्हाई आला तरी येतंयच."

साहेब तरुण होते, भले होते, घाईत होते. त्यांनी मुलांना छान गोष्ट सांगितली, पर्यावरणावर दोन शब्द बोलले आणि शेवटी हसून विचारलं, "काय मुलांनो, समजलं का?"

वर्गात कुणी 'हो' म्हणालं नाही. सगळ्यांनी श्वास रोखून गुरुजींकडं पाहिलं. मी देवाचा धावा करत होते. गुरुजी पुढं झाले, हात जोडले, आणि अत्यंत आदरानं साहेबांना शाळेचा नियम सांगितला. साहेबांना आधी कळेना. मग ते लाल झाले. मग हसले, बूट काढले, आणि घट्ट पँट सांभाळत शेवटच्या रांगेत बसले. मला तो माणूस त्या क्षणापासून आवडला. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "अहो, इथून फळा चकाकतो."

"व्हय सायेब. म्हनून तर सोमवारी शाळा फिरती," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी शेजारच्या राणीलाच पुस्तक दिलं. तिनं एक ओळ वाचली. अडखळत, बोट ठेवत, मध्ये दोनदा थांबत. साहेबांनी तोंड उघडलं तेवढ्यात गुरुजींनी त्यांच्या तळहातावर दाणा ठेवला. साहेब आता शाळेच्या रीतीला सरावले होते. त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला. ओळ संपल्यावर मात्र ते गंभीरपणे म्हणाले, "पाचवीला एवढंच?"

"जूनमधी एवढंबी न्हवतं, सायेब."

आवाजात ना लाज, ना विनवणी. दसऱ्याला किती असेल, तेही त्यांना ठाऊक असल्यासारखे ते बोलले. त्या वर्षी आमच्या शाळेला शेरा काही खास मिळाला नाही. गुरुजींनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दाण्यांच्याच खिशात, त्यामुळं त्यालाही तेलाचा डाग पडला.

दसरा झाला. टोळीचा ट्रक आला तो सकाळी, शाळा भरता भरता. आमच्या फाटकासमोरच उभा राहिला, कारण गावात ट्रक वळवायला तेवढीच जागा. बायाबापड्या चढत होत्या, भांडी, अंथरुणं, शेळ्या, कोंबड्या वर जात होत्या. राणीचं बोचकंसुद्धा वर गेलेलं मी पाहिलं. ती शाळेच्या गणवेशात, आजीचा हात धरून उभी होती.

तिचे वडील आमच्याकडं आले. त्यांनी शब्द पाळला होता, पण पोरीकडून त्यांना आशा नव्हती हे चेहऱ्यावर दिसत होतं. गुरुजी म्हणाले, "तुमी द्याल ते वाचंल."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पायाशी भांड्यांनी भरलेली खताची एक जुनी गोणी पडली होती. त्यांनी ती उचलून आडवी केली. हमालांसाठीच्या सूचनांची छपाई पुसट झालेली, आणि गोणी उलटी शिवलेली, त्यामुळं अक्षरं खाली डोकं वर पाय. "हे वाच," ते म्हणाले.

राणी गोणीपाशी बसली. मान वाकडी करून बघू लागली. गुरुजींनी मला एक दाणा दिला, आजीला एक दिला. मी तोंडात टाकला.

"हुक... लावू... नये," राणीनं वाचलं. वडिलांच्या भुवया जरा वर गेल्या. "थंड... व..." आणि ती थांबली.

पुढचा शब्द 'कोरड्या'. मला दिसत होता. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. राणीनं ओठ हलवले, आवाज निघाला नाही. तिनं एकदा वर माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी कधी विसरणार नाही. मला तिला सांगायचं होतं, निदान पहिलं अक्षर तरी. सगळा जीव ओठांशी आला होता. पुन्हा हॉर्न. वरून तिच्या आईनं हाक मारली.

वडिलांनी मान हलवली. "बघा, गुर्जी. मी म्हनलं न्हवतं..."

गुरुजींनी पटकन त्यांच्या हातावर दाणा ठेवला. "हे तोंडात टाका. चावून संपंस्तवर बोलायचं न्हाई. आमच्या शाळंत अशीच रीत हाय."

त्या माणसानं गुरुजींकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि दाणा तोंडात टाकला. तो चावू लागला. सावकाश, मन लावून, ताटावर बसल्यासारखा. हॉर्न वाजत होता. ट्रकवरचे लोक वाकून बघत होते.

"को..." राणी म्हणाली. मग बोटानं गोणीवरची घडी सारखी केली. "कोर... कोरड्या. कोरड्या जागेत... सा... साठवावे." आणि श्वास घेऊन तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचलं, कुणी न सांगता, मोठ्यानं, थांबत थांबत पण एकही शब्द न गाळता.

आजी डोळ्याला पदर लावून उभी होती. गुरुजी लिंबाच्या झाडाकडं बघत होते. वडिलांचा जबडा अजून हलत होता. मग तो थांबला आणि एखाद्या पोरासारखं त्यांनी गुरुजींना विचारलं, "संपला, गुर्जी. आता बोलू का?"

"बोला."

ते ट्रककडं वळले आणि बायकोला हाक देऊन म्हणाले, "अगं ए, राणीचं बोचकं खाली टाक. ती शाळंत ऱ्हातीय."

बोचकं खाली आलं, ते राणीनंच झेललं. ट्रक निघाला. तिची आई फाट्याच्या वळणापर्यंत हात हलवत होती. राणीनं डोळे पुसले, बोचकं आजीकडं दिलं आणि ती परिपाठाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. गुरुजींनी घंटा दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, आज काईच बोलला न्हाई तुमी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी चावलेच नव्हते. माझा दाणा तोंडात तसाच होता, अख्खा.